पेटीचा सूर अडकून वाजत राहतो तेव्हा: शाळेतील संगीत शिक्षकांसाठी तपासणीचा क्रम

भाता मारताच, कोणत्याही पट्टीला हात न लावता, एखादा सूर वाजू लागतो आणि हवा संपेपर्यंत थांबत नाही, ही शाळांमधून माझ्याकडे येणाऱ्या पेट्यांची (हार्मोनियमची) सर्वांत नेहमीची तक्रार आहे. ती जून-जुलैत वाढते, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीभर बंद राहिलेली पेटी परिपाठासाठी बाहेर निघते तेव्हा पावसाळा सुरू झालेला असतो. सूर अडकला म्हणजे रीड (हवेने कंप पावून सूर काढणारी पितळी जीभ) खराब झाली, असे बहुतेक शिक्षक धरून चालतात. प्रत्यक्षात ती रीड बहुधा उत्तम स्थितीत असते. हवा मिळते म्हणून ती वाजते. बिघाड असतो तो हवा अडवणाऱ्या भागात, आणि तो भाग रीडच्या बाहेरच्या बाजूला असल्याने बऱ्याच वेळा रीडपर्यंत न जाताच दुरुस्ती होते.

लक्षणे

पेटी उघडण्यापूर्वी पाच मिनिटे नुसते ऐकावे, कारण सूर कसा अडकतो यावरून कारण बरेचसे कळते.

सूर पूर्ण आवाजात, पट्टी दाबल्यासारखा खणखणीत येत असेल, तर कोठेतरी झडप चांगली उघडी राहिली आहे. बहुधा पट्टीच खाली अडकलेली असते किंवा कपलर (दोन सप्तकांतील पट्ट्या जोडणारी यंत्रणा) अर्धवट लागलेला असतो. तार सप्तकात बारीक, शिटीसारखी कुणकुण ऐकू येत असेल, तर झडपेखाली एखादा कण अडकलेला असण्याची शक्यता अधिक. वरच्या सप्तकातील रीड लहान आणि हलक्या असतात, त्यांना कंप पावायला थोडी हवाही पुरते. तेवढीच गळती खर्जात झाली तर मोठी रीड हलतही नाही आणि भाता नेहमीपेक्षा लवकर रिकामा होतो एवढेच जाणवते.

भाता जोरात मारल्यावरच सूर येतो आणि हळू मारल्यावर थांबतो, हे स्प्रिंग सैल झाल्याचे लक्षण आहे. पट्टी दाबून सोडल्यावर सूर चालू राहतो आणि ती नखाने वर उचलताच थांबतो, हे लाकूड फुगल्याचे किंवा पट्टी कडेला घासत असल्याचे. एक पट्टी दाबली असता शेजारचीही खाली जाते, तेव्हा दोघींच्या मधली फट बंद झालेली असते. सकाळच्या परिपाठात सूर अडकतो आणि दुपारी, खोली तापल्यावर, आपोआप सुटतो, तेव्हा कारण ओल हेच समजावे.

सूर न येता नुसती हवा फुसफुसत असेल, एखादी पट्टी मुकी झाली असेल किंवा सूर बेसूर लागत असेल, तर ते वेगळे बिघाड आहेत आणि पुढील क्रम त्यांना लागू पडत नाही.

कोणती पट्टी दोषी आहे, हे शोधण्याची एक सोपी रीत आहे. अडकलेला सूर चालू ठेवून पट्ट्या एकेक करून दाबाव्यात. ज्या पट्टीने नवा सूर न येता चालू असलेलाच सूर मोठा होतो, ती आपली पट्टी. नुसत्या कानाने शोधू नये, कारण अर्धवट उघड्या झडपेतून कमी हवा जाते आणि सूर किंचित उतरलेला व पातळ लागतो. त्यामुळे सराईत वादकही काही वेळा शेजारच्या पट्टीवर बोट ठेवतात.

आत काय घडते

पुढील तपासण्यांचा क्रम असाच का, हे कळण्यासाठी पेटीची रचना थोडक्यात लक्षात घ्यावी. बाहेरच्या भात्यातून हवा चामड्याच्या एकमार्गी पडद्यातून आतल्या भात्यात जाते, तेथे ती स्प्रिंगच्या दाबाखाली साठते, आणि पुढचे स्टॉप (ओढल्यावर हवेची वाट उघडणाऱ्या समोरच्या खुंट्या) उघडे असतील तर रीडबोर्डखालच्या कप्प्यात पोहोचते. रीडबोर्डला प्रत्येक सुरासाठी भोके असतात आणि त्यांच्यावर चामडे किंवा फेल्ट लावलेली झडप बसलेली असते. ही झडप पट्टीच्याच मागच्या टोकाला असते. पट्टीचे पुढचे टोक दाबले की मागचे उचलले जाते, भोक उघडते, आणि हवा रीडमधून बाहेर पडताना सूर निर्माण होतो. पट्टी सोडली की तारेची स्प्रिंग मागचे टोक पुन्हा खाली दाबते. हवा खालून झडपेला वर ढकलत असते आणि एकटी स्प्रिंग तिला वरून दाबून धरते. साडेतीन सप्तकांच्या पेटीत अशा 42 पट्ट्या असतात आणि प्रत्येकीने दर वेळी अचूक जागी परत बसणे अपेक्षित असते. परिपाठाला पेटी मोठी ऐकू यावी म्हणून विद्यार्थी भाता धपाधप मारतात तेव्हा यातील सर्वांत कमकुवत स्प्रिंग आधी हार मानते.

तपासणी पहिली: स्टॉप

हिला काहीही खर्च येत नाही आणि पेटी उघडावीही लागत नाही. समोरचे सर्व स्टॉप आत ढकलून बंद करावेत आणि भाता हलकेच मारावा. सूर थांबला, तर स्टॉप एकेक बाहेर ओढून पाहावे. ज्या स्टॉपने सूर परत येतो, त्याच ओळीच्या रीडला हवा मिळते आहे, हे कळते. खर्ज-नर पेटीत (जिच्यात खालच्या आणि मधल्या सुरांच्या रीडच्या दोन ओळी असतात) दोष खर्जाच्या ओळीत आहे की नराच्या, हे येथेच ठरते आणि पुढे कारागिराकडे जावे लागले तर ही माहिती उपयोगी पडते.

सर्व स्टॉप बंद असतानाही सूर चालूच राहिला, तर संशय ड्रोनच्या स्टॉपवर घ्यावा. ड्रोनच्या रीडचा पट्ट्यांशी संबंध नसतो. स्टॉप ओढला की त्या आपोआप वाजत राहतात. वर्गातील मुले खुंट्या ओढून पाहतात, त्यातली एखादी अर्धवट बाहेर राहते, आणि पेटी बिघडल्याची बातमी मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचते. स्टॉप दोन-तीन वेळा पूर्ण बाहेर ओढून पूर्ण आत ढकलावा. काही स्वस्त पेट्यांत काही खुंट्या केवळ शोभेच्या असतात, त्यांनी काहीच फरक पडत नाही, याने गोंधळून जाऊ नये.

तपासणी दुसरी: कपलर

कपलर लावला की एक पट्टी दाबल्यावर दुसऱ्या सप्तकातील तीच पट्टीही खाली जाते, म्हणजे पट्ट्यांच्या जोड्या तारांनी किंवा लाकडी काड्यांनी बांधल्या जातात. यातील एखादी काडी वाकली किंवा कपलरचा खटका मधेच अडकला, तर आपण न दाबलेली पट्टी किंचित दाबलेल्या अवस्थेत राहते. म्हणून कपलर पूर्ण काढून पुन्हा ऐकावे. सूर थांबला, तर दोष कपलरचा आहे आणि पेटी कपलरविना निर्धास्त वापरता येते. शाळेच्या प्रार्थनेला आणि समूहगीताला कपलरची गरज नसते. वाकलेल्या काड्या पक्कडीने सरळ करण्याचा मोह टाळावा, कारण त्यांचे अंतर एकमेकींवर अवलंबून असते आणि एक सरळ केली की दुसऱ्या दोन अडकतात.

तपासणी तिसरी: पट्ट्यांमधील फटी

दोषी पट्टी आणि तिच्या दोन्ही शेजारणी यांच्या मधून एक पातळ, कोरडे कार्ड, उदाहरणार्थ जुनी लग्नपत्रिका, पुढून मागे सरकवावे. शाळेच्या पेटीत काय सापडत नाही: खडूचे तुकडे, खोडरबराचा चुरा, टिकल्या, केसांच्या पिना, शिसपेन्सिलीची टोके. कार्ड अडते तेथे अडथळा आहे. तो चिमट्याने वर ओढून काढावा, आत ढकलू नये, कारण आत गेलेली पिन झडपेपाशी पोहोचली की सोपा दोष अवघड होतो.

फटीत काही नसेल आणि कार्ड तरीही घट्ट जात असेल, तर लाकूड फुगले आहे. अशा वेळी अनेकजण शिलाई मशीनचे किंवा खोबरेल तेल सोडतात. पेटीत कोठेही, कोणतेही तेल घालू नये. तेल लाकडात मुरते, त्यावर धूळ चिकटून लगदा होतो, आणि ते झडपेच्या चामड्यापर्यंत उतरले तर ती झडप पुन्हा कधीही नीट बसत नाही. घासणाऱ्या जागी काही लावायचेच असेल, तर चित्रकलेच्या शिक्षकांकडून 6बी पेन्सिल मागून तिचे शिसे घासणाऱ्या लाकडावर हलके फिरवावे. शिसे कोरडे राहते आणि धूळ धरत नाही.

तपासणी चौथी: ओल

हा टप्पा लोक सर्वाधिक वेळा गाळतात, आणि त्याच त्याच शाळेतून दर जुलैत तीच तक्रार परत येण्याचे खरे कारणही हेच आहे. लाकूड हवेतील दमटपणा शोषून आडवे फुगते. पट्ट्यांमधील फट मुळातच कागदाच्या दोन-चार जाडीइतकी असते, त्यामुळे कोकणात किंवा घाटमाथ्यावर सततच्या पावसात आठवडाभरातही ती नाहीशी होऊ शकते. झडपेचे चामडेही ओल धरते आणि भोकाच्या कडेला चिकटून राहते किंवा एका बाजूने वाकते.

पेटी फरशीवरून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर, बाकावर ठेवावी. वरचे झाकण व जाळी उघडी ठेवून छताचा पंखा मध्यम वेगाने लावावा आणि तिला दोन ते तीन दिवस सावलीतच राहू द्यावे. उन्हात ठेवू नये, हेअर ड्रायर किंवा हीटर लावू नये. सांधे आणि चामडे जुन्या पद्धतीच्या सरसाने चिकटवलेले असतील तर तो उष्णतेने सुटतो, आणि रीडबोर्ड एका बाजूने लवकर वाळला तर पिळतो किंवा तडकतो. कपाटात पिवळा बल्ब लावून पेटी सुकवण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. लाकूड, कापड आणि बंद कपाट यांच्यात तापलेला दिवा रात्रभर ठेवण्याची शिफारस मी कोणत्याही शाळेला करणार नाही. दोन-तीन दिवसांनी सूर आपोआप सुटला असेल, तर पेटीत दोष नाही, तिच्या जागेत आहे, आणि पुढे काहीही उघडण्याचे कारण नाही.

विदर्भात आणि मराठवाड्यात मे महिन्यात याच्या उलट घडते. लाकूड आकसते, फटी वाढतात, पट्टी डुगडुगते आणि झडप भोकावरून किंचित सरकून बसते. तेव्हाही पेटी कूलरच्या झोतासमोर ठेवू नये. झाकून, भिंतीच्या आडोशाला ठेवलेली बरी.

तपासणी पाचवी: झाकण काढून झडपा पाहणे

येथपर्यंत सूर सुटला नसेल तरच स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यावा. पेटी शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरवर असते, त्यामुळे उघडण्यापूर्वी मुख्याध्यापकांना सांगावे. प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर छायाचित्र काढावे आणि स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत. जुन्या पेट्यांत सर्व स्क्रू एकाच लांबीचे नसतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर तो आत लाकूड फोडतो. स्केल चेंजर पेटी असेल, तर येथेच थांबावे. तिचा पट्ट्यांचा संपूर्ण संच सरकणारा असतो आणि तो चुकीचा बसला तर एका सुराऐवजी सगळेच बिघडतात.

झाकण निघाल्यावर पट्ट्यांची मागची टोके व त्यांवरील तारा दिसतात. रंगाचा कोरा, मऊ ब्रश घेऊन धूळ मागून पुढे, स्वतःकडे ओढून काढावी. तोंडाने फुंकर मारू नये, कारण श्वासात ओल असते. आता भाता हलका मारत दोषी पट्टी झपझप दहा-बारा वेळा दाबावी. भोकातून बाहेर येणारी हवा स्वतःच कण उडवून देते. कुणकुणीचे बरेच दोष येथेच संपतात.

कुणकुण टिकली, तर कागदाची परीक्षा घ्यावी. वहीच्या पानाची बोटाच्या रुंदीची पट्टी कापावी, झडप किंचित उचलून ती एका कडेखाली घालावी, झडप सोडावी आणि कागद हलकेच ओढावा. झडप नीट बसली असेल, तर कागद अडखळत, थोडा जोर लावल्यावर निघतो. असे चारही कडांना करावे. ज्या कडेला कागद सहज निसटतो, तेथून हवा जाते आहे. शेजारच्या निर्दोष पट्टीवर हीच परीक्षा आधी केली, तर 'नीट' म्हणजे किती हे हाताला कळते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करावी.

कागद एकाच कडेला सैल असेल, तर पट्टी तिरकी बसली आहे किंवा तिची मार्गदर्शक खीळ वाकली आहे. चारही कडांना सैल असेल, तर स्प्रिंग पाहावी. चामड्यावर भोकाच्या आकाराचा खोल, कडक वळ उमटला असेल किंवा त्याला कसर लागून खड्डे पडले असतील, तर ते चामडे संपले आहे. फेव्हिकॉल लावून त्यावर नवे चामडे चिकटवण्याचा प्रयोग मी अनेक पेट्यांत पाहिला आहे. जाडी वाढली की झडप टेकूच्या बाजूला आधी टेकते आणि टेकूपासून दूरची कड उघडी राहते. मग कारागिराला आधी तो थर खरवडावा लागतो आणि बिल वाढते.

तपासणी सहावी: स्प्रिंग

स्प्रिंग जागेवरून सरकली असेल, तर ती डोळ्यांना दिसते: शेजारच्या तारा एका रेषेत असतात आणि ही बाजूला झुकलेली असते. बारीक टोकाच्या चिमट्याने ती तिच्या खाचेत परत बसवावी. ती जागेवर असूनही सैल वाटत असेल, तर एकाच प्रकारची नाणी घेऊन दोषी पट्टीच्या पुढच्या टोकावर आणि दोन्ही शेजारच्या पट्ट्यांवर तेवढीच ठेवून पाहावे. शेजारच्या पट्ट्या तग धरतात आणि ही खाली जाते, असे दिसले, तर स्प्रिंगचा ताण कमी झाला आहे. जुनी तार वाकवून ताण वाढवता येतो, पण गंजलेली तार वाकवताना तुटते आणि तिचा तुकडा भोकातून रीडमध्ये पडतो. तार लाल-तपकिरी दिसत असेल, तर तिला हात लावू नये.

येथे थांबावे

पुढील कोणतीही गोष्ट आढळली, तर झाकण परत लावून पेटी हार्मोनियमच्या कारागिराकडे न्यावी. तंतुवाद्ये दुरुस्त करणारा प्रत्येकजण पेटी उघडतोच असे नाही, हे आधी विचारून घ्यावे.

• लागोपाठच्या तीन किंवा अधिक पट्ट्या एकदम अडकल्या आहेत. एवढ्या स्प्रिंग एकाच वेळी सहसा जात नाहीत. बहुधा रीडबोर्ड पिळलेला असतो.
• झडपेचे चामडे बदलायचे आहे.
• भाता उंदरांनी कुरतडला आहे, किंवा लाकडात वाळवीची माती दिसते आहे.
• पट्टी मधल्या टेकूपाशी तडकली आहे.
• वरील सर्व करूनही सूर सुटलेला नाही.

रीडला हात लावू नये, हे वेगळे सांगतो, कारण इंटरनेटवरील चित्रफिती पाहून ती खरवडणारे उत्साही सहकारी बऱ्याच शाळांत असतात. रीडच्या जिभेचे टोक खरवडले की सूर चढतो, बुडाशी खरवडले की उतरतो, आणि गेलेले पितळ परत येत नाही. अडकलेल्या सुराचा आणि या खरवडण्याचा काहीही संबंध नाही.

उद्याच कार्यक्रम असेल तर

15 ऑगस्टच्या आदल्या दिवशी सूर अडकला, तर दोषी पट्टीच्या मागच्या टोकावर, झडपेच्या अगदी वर, खोडरबराचा तुकडा दोऱ्याने बांधावा. वजनाने झडप बसते. ती पट्टी दाबायला जड होते, पण कार्यक्रम निभावतो. चिकटपट्टीने भोक बंद करू नये, कारण तिचा चिकटा कडेवर राहून नंतर झडपेला धरतो. झाकण काढणेच शक्य नसेल, तर अडकलेल्या सुरालाच षड्ज मानून गाणे त्या पट्टीत घेणारे शिक्षक मला भेटले आहेत. अडकलेला सूर काळी एक किंवा काळी दोन (सप्तकातील पहिली किंवा दुसरी काळी पट्टी) असेल आणि मुलांचे आवाज तेथे बसत असतील, तर ही युक्ती चालते. काळी पाचला अडकला, तर समूहगीताचा अंतरा किंचाळत म्हणावा लागेल.

राष्ट्रगीत आणि राज्यगीत मात्र अशा पेटीवर घेऊ नये. ती नुसत्या आवाजात, सुरुवातीचा सूर तोंडाने देऊन, अधिक चांगली होतात.

पुन्हा होऊ नये म्हणून

पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नये. ओल आत कोंडली जाते. सुती गवसणी घालावी, आत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात त्या बदलाव्यात. कसरीसाठी डांबरगोळ्या ठेवायच्या असतील, तर कापडी पुरचुंडीत, पट्ट्यांना न लागतील अशा. भात्याच्या कड्या नेहमी लावाव्यात, कारण उघड्या भात्याच्या घडीत उंदीर घर करतात. सुट्टीतही आठवड्यातून एकदा कोणीतरी पेटी दहा मिनिटे वाजवावी. शिपाईकाकांना दाखवून ठेवले, तर ते आनंदाने भाता मारून प्रत्येक पट्टी एकदा दाबतात. वादन यावे लागत नाही.

पेटी दुरुस्तीला देताना दोषी पट्टी, स्टॉप आणि कपलरचे निरीक्षण एका कागदावर लिहून गवसणीत ठेवावे. परत आल्यावर पैसे देण्यापूर्वी ती शाळेतच, स्टॉप एकेक उघडून, सर्व पट्ट्या खालून वर आणि वरून खाली दाबून पाहावी, आधी कपलरविना आणि मग कपलर लावून. शेवटी एकही पट्टी न दाबता भाता भरून दहा सेकंद शांतपणे ऐकावे, आणि कुणकुण नसेल तरच पावती घेऊन दुरुस्तीची नोंद रजिस्टरमध्ये तारखेसह करावी, म्हणजे पुढच्या जूनमध्ये तीच पट्टी अडकली तर कारागिराला तारीख दाखवून विचारता येते.